रघुनाथ मुर्मू, संताली आणि ओल चिकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झारखंड, ओडिशा आणि पश्चिम बंगाल जिथे एकमेकांना भिडतात, त्या पट्ट्यात संताली, हो, मुंडारी, भूमिज, कुडमाली अशा भाषा शेजारी-शेजारी नांदतात. या भाषांना वही-पुस्तकात आणण्याचं काम बहुतेक ठिकाणी शाळामास्तरांनी केलं. त्यांतलं सर्वांत मोठं नाव म्हणजे पंडित रघुनाथ मुर्मू. मराठी वाचकांना त्यांच्याविषयी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

रघुनाथ मुर्मू कोण होते?

मयूरभंज संस्थानातले संताल शिक्षक, नाटककार, व्याकरणकार आणि संताली लिहिण्याच्या ओल चिकी लिपीचे जनक. मयूरभंज आज ओडिशाच्या उत्तर टोकाचा जिल्हा आहे. त्यातल्या रायरंगपूर भागात डांडबोस हे त्यांचं गाव. वडील नंदलाल, आई सलमा. घरचं नाव चुनू, पुढे ते रघुनाथ झाले. जन्मतारीख ५ मे १९०५ अशी नोंदलेली आहे, पण संताल समाज त्यांची जयंती वैशाखी पौर्णिमेला करतो. १ फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांची ओळख सहसा 'लिपीकार' अशी करून दिली जाते. माझ्या मते ती अपुरी आहे. कागदावर नवी अक्षरं काढणारे भारतात बरेच होऊन गेले. त्यांतल्या बहुतेकांची अक्षरं त्यांच्याच वहीत राहिली. मुर्मूंची अक्षरं आज शाळेच्या फळ्यावर, दुकानाच्या पाटीवर आणि मोबाइलच्या कीबोर्डवर आहेत, कारण लिपी तयार झाल्यावर त्यांनी जवळजवळ सहा दशकं ती शिकवली. या पानावरचा भर म्हणूनच त्यांच्या मास्तरकीवर आहे.

त्यांना 'गुरु गोमके' का म्हणतात?

संतालीत 'गोमके' म्हणजे मालक, धनी, आदरणीय माणूस. मयूरभंजच्या आदिवासी महासभेने त्यांना 'गुरु गोमके' ही पदवी दिली आणि ती लोकांच्या तोंडी बसली. झारखंड चळवळीचे नेते आणि १९२८ च्या ऑलिंपिकमधले भारतीय हॉकी कर्णधार जयपालसिंह मुंडा यांना 'मरांग गोमके' म्हणजे थोर नेता म्हणत, हा शब्द त्यातलाच.

त्यांचं स्वतःचं शिक्षण कुठे झालं?

सातव्या वर्षी गंभारिया गावच्या शाळेत, पुढे बहलद्याला, मग संस्थानची राजधानी बारिपदा इथल्या हायस्कुलात. १९२४ मध्ये ते मॅट्रिक झाले. तेव्हा हा भाग पाटणा विद्यापीठाच्या कक्षेत येत असल्याने परीक्षा त्या विद्यापीठाची.

पहिल्याच शाळेत त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली. घरात संताली, मास्तर ओडिया, पुस्तक ओडिया. मास्तर काय म्हणतात ते कळत नाही आणि आपण काय म्हणतो ते मास्तरांना कळत नाही. आपल्या भाषेत का शिकवत नाहीत, असं त्यांनी विचारलं तेव्हा 'तुमच्या भाषेला अक्षरंच नाहीत' असं उत्तर मिळालं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या पहिलीच्या वर्गात बसलेल्या कुणालाही ही अडचण ओळखीची वाटेल. फरक इतकाच की या मुलाने ते उत्तर शेवटचं मानलं नाही.

ओडिया, बंगाली, देवनागरी, रोमन अशा लिप्या होत्याच. मग नवी कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याला दोन वेगळी उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर उच्चारांचं. संतालीत शब्दाच्या शेवटी काही व्यंजनं घशात अडवून सोडून दिली जातात. पाण्याला 'दाक्' म्हणतात, पण तो शेवटचा 'क्' आपण म्हणतो तसा फुटत नाही, तो गळ्यातच थांबतो. च, त, प यांचीही अशी अडवलेली रूपं आहेत. शिवाय ओठ जास्त उघडून म्हणायचा 'ऑ'सारखा स्वर आणि बंद 'ओ' हे दोन वेगळे स्वर आहेत, त्यांनी अर्थ बदलतो. उत्तर भारतीय लिप्यांमध्ये याची सोय नाही. दुसऱ्या भाषेसाठी घडलेल्या लिपीत लिहिलं की वाचणारा अंदाजाने वाचतो. आपणही 'चाक' आणि 'चार' यांतले दोन वेगळे 'च' एकाच अक्षराने लिहितो. मराठी आधीपासून येत असल्यामुळे आपलं अडत नाही. पण सहा वर्षांचं मूल पहिल्यांदा वाचायला शिकत असेल आणि अशा जागा प्रत्येक ओळीत असतील, तर त्याचं नक्की अडतं.

दुसरं उत्तर सीमांचं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. संताल एका प्रांतात राहत नव्हते. मयूरभंजमधलं मूल ओडियात शिकणार, बांकुडा-पुरुलियातलं बंगालीत, संताल परगण्यातलं हिंदीत, आसामच्या चहामळ्यातलं असमियात. चौघांची घरची भाषा एक, पण एकाने लिहिलेलं पत्र दुसऱ्याला वाचता येणार नाही. छापलेलं पुस्तक तर प्रांताची हद्द ओलांडणारच नाही. मुर्मूंना हे फार लवकर उमगलं होतं. शेजारच्या एकाच लिपीची निवड केली असती, तर बाकीचे तीन भाग तुटले असते.

मिशनऱ्यांनी रोमन लिपीत मोठं काम केलं होतं ना?

हो, आणि ते काम नाकारण्याचं कारण नाही. लार्स स्क्रेफ्सरुड या नॉर्वेजियन मिशनऱ्याचं संताली व्याकरण १८७३ मध्ये आलं. कोलेयान नावाच्या वृद्ध संताल गुरूने सांगितलेल्या जुन्या चालीरीती आणि कथा मिशनने १८८७ मध्ये छापल्या, त्या आजही अभ्यासकांना लागतात. पॉल ओलाफ बोडिंग यांचा पाच खंडांचा संताली कोश १९२९ ते १९३६ या काळात निघाला. भारतातल्या फार थोड्या आदिवासी भाषांना असा कोश लाभला आहे. रोमन अक्षरांवर टिंबं आणि खुणा देऊन त्यांनी उच्चारही नेमके पकडले होते.

रोमन लिपीचे पाठीराखे आजही आहेत, विशेषतः संताल परगण्यातल्या ख्रिस्ती संतालांत आणि बांगलादेशात. पण मिशनच्या शाळांपर्यंत न पोचलेल्या मोठ्या समाजाला ती लिपी आपली वाटली नाही. हा वाद दोन्ही बाजूंनी कळकळीने लढवला गेला आहे. त्यात एका बाजूला खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल.

ओल चिकी नेमकी कशी आहे?

'ओल' म्हणजे लिहिणं, 'चिकी' म्हणजे खूण. १९२५ मध्ये, म्हणजे वयाच्या विशीत, मुर्मूंनी ती तयार केली. त्या काळात ते गावाजवळच्या कापी बुरू या झाडीच्या टेकडीवर एकटे जाऊन बसत, असं सांगतात.

लिपी डावीकडून उजवीकडे लिहितात. मूळ अक्षरं ३०. पाच-पाच अक्षरांच्या सहा ओळी. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर स्वर आणि पुढची चार व्यंजनं, म्हणजे सहा स्वर आणि २४ व्यंजनं. आता यातली मजा पाहा. आपण 'क' म्हणतो तेव्हा स्वर व्यंजनाच्या मागून येतो. ओल चिकीत अक्षराच्या नावात स्वर आधी येतो : पहिल्या ओळीत अत्, अग्, अङ्, अल्, दुसरीत आक्, आज्, आम्, आव्, तिसरीत इस्, इह्, इञ्, इर्, आणि असंच पुढे. मूल अक्षराचं नाव घेतं तेव्हा व्यंजन त्या नावाच्या शेवटी येतं आणि संतालीतले ते घशात अडणारे उच्चार शेवटीच असतात. भाषा कानात घेऊन रचलेली ही वर्णमाला आहे, दुसरीकडून उचलून आणलेली नाही.

काना, मात्रा, वेलांटी, उकार काही नाही. स्वराला स्वतःचं अक्षर आणि ते व्यंजनाच्या शेजारी, त्याच ओळीत. जोडाक्षरं नाहीत. ख, घ, फ असे महाप्राण वेगळे शिकावे लागत नाहीत, मूळ व्यंजनापुढे 'ओह्' हे अक्षर ठेवलं की झालं. उरलेल्या स्वरांसाठी, अनुनासिकासाठी, लांबीसाठी आणि अडवलेला उच्चार मोकळा करण्यासाठी मिळून सहा छोट्या खुणा. आकडे स्वतःचे, शून्यापासून नऊपर्यंत.

अक्षरांचे आकार कशावरून घेतले आहेत?

संतालाच्या रोजच्या जगण्यावरून. 'इस्' या अक्षराचा आकार नांगराचा, 'इर्'चा कापणीच्या विळ्याचा. 'उद्' हे अळंबी, 'उच्' हे डोंगराचं शिखर, 'उण्' ही उडणारी मधमाशी, 'लु' हे स्वयंपाकाचं भांडं. 'एन्'मध्ये पायाने धान्य मळण्याची क्रिया आहे. 'आम्' म्हणजे संतालीत 'तू', आणि त्याचा आकार समोरच्याकडे हात दाखवणाऱ्या माणसाचा. 'इञ्' म्हणजे 'मी', त्यात माणूस स्वतःकडे हात करतो.

आपल्या जुन्या अंकलिपीत गणपतीचा 'ग' शिकवायला गणपतीचं चित्र शेजारी छापावं लागतं. इथे चित्र अक्षरातच आहे. शेतावर गेलेल्या मुलाला विळा ओळखता येतो, म्हणजे एक अक्षर अर्धं आलंच. वर्गात उभं राहून शिकवलेल्या माणसालाच हे सुचू शकतं, असं मला ठामपणे वाटतं.

ते पूर्णवेळ शिक्षक होते का?

मॅट्रिकनंतर बारिपद्याच्या वीजघरात उमेदवारी केली, औद्योगिक प्रशिक्षण घेतलं, मग तिथल्याच औद्योगिक संस्थेत शिकवायला लागले. १९३३ च्या सुमारास बादामतालिया इथल्या प्राथमिक शाळेत हेडमास्तर झाले. पुढे रायरंगपूरच्या हायस्कुलात काही काळ होते, आणि १९४० च्या दशकात नोकरी सोडून भाषेच्या कामाला पूर्ण लागले.

हातात हत्यार धरण्याचं ते औद्योगिक शिक्षण वाया गेलं नाही. त्याची गोष्ट पुढच्या उत्तरात आहे.

लिपी लोकांपर्यंत पोचली कशी?

१९२५ मध्ये लिपी तयार झाली, पण तिचे खिळे जगातल्या एकाही छापखान्यात नव्हते. हाताने लिहून किती प्रती काढणार? बादामतालियाला हेडमास्तर असताना मुर्मूंनी लाकडाचं हातछपाई यंत्र स्वतः बनवलं. लाकडात अक्षरं कोरून त्यावर ओल चिकी छापायची. हे यंत्र १९३९ मध्ये बारिपद्याच्या प्रदर्शनात मांडलं गेलं आणि महाराजा प्रतापचंद्र भंजदेव यांनी ते पाहिलं. राजधानीतल्या लोकांपुढे ही लिपी पहिल्यांदा आली ती अशी.

पण छापील कागद हा वाटेचा छोटा भाग. मुर्मू गावोगाव हिंडले. मयूरभंज, सिंहभूम, धालभूम, मेदिनीपूर, बांकुडा. जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात काम करणारे संताल कामगार हा त्यांचा मोठा आधार होता. कामगार सुट्टीला गावी जाताना अक्षरं बरोबर घेऊन जात. या फिरतीत पाटी-पेन्सिलीच्या जोडीला गाणी होती आणि रात्री नाटकं होती. १९६० च्या दशकात या कामाला संस्थेचं रूप आलं : आदिवासी सोशिओ-एज्युकेशनल अँड कल्चरल असोसिएशन, लोकांच्या बोलण्यात 'असेका'. तिच्या शाखांनी खेड्यांत ओल चिकीचे वर्ग चालवले, परीक्षा घेतल्या, प्रमाणपत्रं दिली. सरकारने मान्यता देण्याच्या कितीतरी आधी लोकांनी आपल्याआपण उभी केलेली ही शिक्षणव्यवस्था होती.

नाटकांचा लिपीशी काय संबंध?

थेट संबंध. वाचता न येणाऱ्या समाजाला 'वाचायला शिका' असं सांगून काही होत नाही. त्याला वाचावंसं वाटायला हवं. मुर्मूंनी ते नाटकातून साधलं.

'बिदू चांदान' हे त्यांचं गाजलेलं नाटक १९४२ मधलं. बिदू आणि चांदान हे दैवी अंश असलेले प्रेमिक माणसांच्या रूपात पृथ्वीवर येतात. त्यांना एकमेकांशी बोलायचं आहे पण समोरासमोर बोलता येत नाही, म्हणून ते खुणा काढतात. त्या खुणा म्हणजे ओल चिकी. रात्रभर चाललेलं नाटक पाहून उठलेल्या पोराला त्या खुणा शिकायच्या असणारच. प्रेमपत्रासाठी लागणारी लिपी आणि सरकारी अर्जासाठी लागणारी लिपी, यांतली कुठली मनात रुजेल हे सांगायला नको. संताली गाण्यांत आणि प्रार्थनांत बिदू-चांदानकडे आजही विद्येची दैवतं म्हणून पाहतात. एका नाटककाराची पात्रं त्याच्या हयातीनंतर इतक्या थोड्या काळात देवघरात पोचली, हे मला विलक्षण वाटतं.

'खेरवाळ बीर' हे नाटक संतालांच्या पुराणकाळातल्या वीरांवर आहे. खेरवाळ हे त्यांचं स्वतःचं जुनं सामूहिक नाव. 'दाडेगे धोन' म्हणजे बळ हेच धन. आणि एक नाटक सिदो-कान्हूवर. ३० जून १८५५ रोजी भोगनाडीह गावात सिदो आणि कान्हू मुर्मू या भावांनी सावकार, जमीनदार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध हूल पुकारला, त्या उठावाची ती कथा.

नाटकांखेरीज त्यांनी काय लिहिलं?

मास्तराला वर्गात लागतं ते सगळं. 'ओल चेमेद' ही अंकलिपी, 'पारसी पोहा' हे वाचनाचं पहिलं पुस्तक, 'एलखा' हे अंकगणित, 'रोनोड़' हे व्याकरण. शिवाय गाण्यांचे संग्रह, आणि 'हिताल' हे विश्वोत्पत्तीच्या पारंपरिक कथेवरचं काव्य.

या यादीत मला सर्वांत मोलाचं 'एलखा' वाटतं. कविता मातृभाषेत असावी हे कुणीही मान्य करतं. बेरीज-वजाबाकीही मातृभाषेत शिकता आली पाहिजे, हे म्हणायला आणि त्यासाठी पुस्तक लिहायला शिक्षकच लागतो. भाषा सणासुदीपुरती उरू नये अशी ज्याची इच्छा आहे, तो गणिताचं पुस्तक लिहितो.

हाताने लिहायची वेगळी पद्धत आहे का?

आहे. छपाईच्या अक्षरांना 'छापा' म्हणतात आणि भरभर लिहिण्याच्या वळणाला 'उसारा'. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी असा जो भेद होता, त्याच्या जवळपास जाणारा. आज पडद्यावर सगळीकडे छापाच दिसतो.

सरकारी मान्यता केव्हा मिळाली?

पश्चिम बंगाल सरकारने १९७९ मध्ये ओल चिकीला मान्यता दिली. त्याच वर्षी पुरुलिया जिल्ह्यात मुर्मूंचा सरकारतर्फे सन्मानही झाला. लिपी निर्माण झाल्याला तेव्हा ५४ वर्षं झाली होती आणि ते चौऱ्याहत्तरीत होते. आधी ओडिशा साहित्य अकादमीनेही त्यांचा गौरव केला होता.

पुढचा मोठा टप्पा त्यांनी पाहिला नाही. ९२ व्या घटनादुरुस्तीने संताली, बोडो, डोगरी आणि मैथिली या चार भाषा आठव्या अनुसूचीत आल्या. लोकसभेने ते विधेयक २२ डिसेंबर २००३ रोजी मंजूर केलं. संताल समाज तो दिवस 'पारसी माहा' म्हणजे भाषादिन म्हणून साजरा करतो. त्यानंतर साहित्य अकादमीचे संताली पुरस्कार सुरू झाले, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत संताली वाङ्मय हा विषय घेता येऊ लागला. डिसेंबर २०१९ मध्ये सरोजिनी हेंब्रम यांनी राज्यसभेत संतालीत भाषण केलं.

युनिकोडमध्ये ओल चिकी एप्रिल २००८ पासून आहे, ५.१ या आवृत्तीत. ३० अक्षरं, दहा अंक, सहा खुणा आणि दोन विरामचिन्हं मिळून ४८ चिन्हं. २०१८ मध्ये संताली विकिपीडिया सुरू झाला, तो याच लिपीत आहे. २०२५ मध्ये ओल चिकीला १०० वर्षं पूर्ण झाली.

कुडमाली भाषेशी या सगळ्याचा काय संबंध?

शेजाराचा. कुडमाली (कुरमाली असंही लिहितात) ही छोटानागपूर पठारावरच्या कुडमी महतो समाजाची भाषा. घराणं मात्र वेगळं. संताली मुंडा कुळातली, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई. कुडमाली आर्य भाषांत गणली जाते, ग्रिअर्सन यांनी भाषासर्वेक्षणात तिला मगहीच्या पूर्वेकडच्या रूपांत टाकलं होतं. पण गावं एकमेकांत मिसळलेली, करम आणि बांदना हे सण दोन्हींकडे, मांदर आणि धमसा ही वाद्यं दोन्हींकडे. टुसूची गाणी आणि झुमर हे कुडमाली मौखिक वाङ्मयाचं वैभव.

मुर्मूंपुढे जो प्रश्न होता तोच कुडमालीच्या शिक्षक-लेखकांपुढे आजही आहे. झारखंडमध्ये ती देवनागरीत लिहितात, बंगालमध्ये बंगाली अक्षरांत, ओडिशात ओडियात. पुरुलियात छापलेला झुमरसंग्रह रांचीतल्या वाचकाला उघडता येतो, वाचता येतो असं नाही. चिसोई नावाची नवी लिपीही पुढे आली आहे. जनगणनेत (२०११) 'कुरमाली थार' मातृभाषा सांगणारे सुमारे ३ लाख ११ हजार, आणि तेही हिंदीच्या खात्यात मोजलेले. कुडमी समाज याहून कितीतरी मोठा आहे. बाकीच्यांची नोंद हिंदी, बंगाली किंवा ओडिया बोलणारे म्हणून होते.

तरीही वाट सरकली आहे. रांची विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रामदयाल मुंडा यांच्या पुढाकाराने आदिवासी आणि प्रादेशिक भाषांचा विभाग सुरू झाला, त्यातल्या नऊ भाषांत कुडमाली होती. अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकवत असलेला हा मुंडारी भाषक परत आला आणि फक्त स्वतःच्या भाषेसाठी नाही, शेजारच्या आठ भाषांसाठीही जागा करून गेला. २०११ मध्ये झारखंडने कुडमालीला द्वितीय राजभाषांच्या यादीत घेतलं, २०१८ मध्ये पश्चिम बंगालने राजभाषेचा दर्जा दिला. आठव्या अनुसूचीची मागणी चालू आहे. कुडमी समाजाची अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी हा वेगळा विषय. तिला संताल आणि इतर आदिवासी संघटनांचा विरोध आहे. भाषेचा प्रश्न त्यात गुंतवू नये असं मला वाटतं.

मुर्मूंनंतर आणखी कुणी अशा लिप्या केल्या का?

हो. सोरा भाषेसाठी मांगेई गोमांगो यांनी १९३६ मध्ये सोरांग सोंपेंग लिपी केली. हो भाषेसाठी लाको बोद्रा यांची वारांग क्षिती, मुंडारीसाठी रोहिदास सिंह नाग यांची मुंडारी बानी. आणि मुर्मूंच्याच काळात साधू रामचांद मुर्मू या संताल कवीनेही वेगळी लिपी रचली होती. या सर्व लिप्यांत ओल चिकी सर्वांत जास्त पसरली. अक्षरं जास्त चांगली होती म्हणून ती पसरली, असं मी म्हणणार नाही. तिच्यामागे पाठ्यपुस्तकं, नाटकं आणि फिरता मास्तर होता.

महाराष्ट्राशी याचं काही नातं आहे का?

आहे, आणि ते आपल्याला फारसं ठाऊक नसतं. मेळघाटात धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातलीच भाषा, त्या कुळाचं सर्वांत पश्चिमेकडचं टोक. मराठी, हिंदी, गोंडी यांच्या मधोमध हजारभर किलोमीटर दूर राहिलेली संतालीची ही बहीण. दोनाला संतालीत 'बार', कोरकूत 'बारी'. 'कोरकू' या नावातला 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय संतालीत 'को' म्हणून भेटतो.

२०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून सव्वासात लाखांच्या आसपास. देवनागरीत लिहितात. नवी लिपी हवीच असं नाही. देवनागरीतही चांगली अंकलिपी आणि कोरकूतलं गणिताचं पुस्तक होऊ शकतं. पण धारणीच्या शाळेत पहिलीच्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा शिक्षक हवा, याला पर्याय नाही.

वेगळी लिपी शिकल्याने मुलं मागे पडत नाहीत का?

ही भीती पालकांची असते आणि खरी असते. नोकरी इंग्रजीत, कचेरी ओडियात किंवा बंगालीत, मग मुलाच्या डोक्यावर आणखी एक लिपी कशाला? माझं उत्तर असं : वाचणं ही क्रिया मूल आयुष्यात एकदाच शिकतं. जी भाषा त्याला येते तिच्यात ते शिकलं, तर दुसरी लिपी काही महिन्यांचं काम. जी भाषा येतच नाही तिच्यात शिकवलं, तर ते अक्षरं घोकतं आणि तिसरी-चौथीत शाळा सोडतं.

मात्र शाळेत ओल चिकी सुरू केली आणि पाचवीनंतरची पुस्तकंच नाहीत, असं झालं तर पालकांची भीती खरी ठरते. संताली माध्यमाच्या शाळांत प्रशिक्षित शिक्षक कमी आहेत आणि विज्ञान, भूगोल यांची पुस्तकं उशिरा पोचतात, ही तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. सुमारे ७३ लाख लोकांची भाषा, राज्यघटनेत नाव आलेली, तरी ही स्थिती. मान्यता मिळवणं हे काम मुर्मूंच्या पिढीने केलं, शाळा नीट चालवणं हे काम सरकारचं आहे आणि त्याबद्दल बोलत राहिलं पाहिजे.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू त्यांच्या नात्यातल्या का?

आडनावावरून हा समज होतो. मुर्मू हे संतालांच्या कुळांपैकी एका मोठ्या कुळाचं नाव आहे, हांसदा, सोरेन, हेंब्रम, टुडू, बास्के ही अशीच इतर कुळं. राष्ट्रपतींचं गाव उपरबेडाही रायरंगपूर भागातलंच, आणि राजकारणात येण्याआधी त्या रायरंगपुरात शिक्षिका होत्या. भूगोल एक, पेशा एक. नातं सांगायचं तर एवढंच.

त्यांच्या नावाने आज काय आहे?

बारिपद्याचं वैद्यकीय महाविद्यालय, बांकुडा जिल्ह्यातलं एक महाविद्यालय, चौकाचौकांत पुतळे. आणि वैशाखी पौर्णिमेला गावोगाव होणारी जयंती, त्या दिवशी लहान मुलांना पहिलं अक्षर गिरवायला देतात.

मला ओल चिकी शिकायची असेल तर सुरुवात कुठून करू?

पाटीवर सहा ओळी, पाच उभे रकाने आखा आणि आधी पहिल्या रकान्यातले सहा स्वर गिरवा. मग एकेक आडवी ओळ. ३० अक्षरं मराठी वाचकाला आठवड्याभरात ओळखू येतात. जोडाक्षरं नसल्याने त्यापुढे अडत नाही. अवघड जातं ते ग, ज, द, ब यांचं वागणं : शब्दाच्या शेवटी आले की ते 'दाक्'मधल्या 'क्'सारखे घशात अडतात आणि 'अहद' ही खूण लागली की मोकळे होतात. हे डोळ्याने शिकता येत नाही, ऐकावं लागतं. संताली गाण्यांची भरपूर ध्वनिमुद्रणं सहज मिळतात, शब्द समोर ठेवून ती ऐका. फोनला ओल चिकीचा कीबोर्ड जोडता येतो, संगणकासाठी नोटो सॅन्स ओल चिकी हा फाँट मोफत आहे. वाचनसरावाला संताली विकिपीडियावरचे गावांचे आणि माणसांचे छोटे लेख बरे, कारण नावं ओळखीची असतात. आणि जमशेदपूर, पुणे किंवा मुंबईत कुणी संताल सहकारी असेल तर त्यांच्यासमोर बसून 'दाक्' म्हणून बघा. चुकलं तर ते लगेच सांगतील.